उतरणीचा सराव

रस्ता अर्धा ओलांडून झाला होता आणि समोरच्या सिग्नलच्या खांबावरचा हिरवा माणूस लाल झाला. तसं त्यात नवल काही नव्हतं; लाल होणं हे त्याचं कामच. पण आजवर तो लाल व्हायचा तेव्हा मी पलीकडे पोचून, औषधांच्या दुकानाच्या पायरीशी वाकून बापूच्या बुटाची नाडी बांधत असायचे. त्या दिवशी मी रस्त्याच्या मधोमध होते. डाव्या हातात बापूचा हात, उजव्या हातात पिशवी, आणि दोन्ही बाजूंना गाड्या दम धरून उभ्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. वाजवला असता तर बरं झालं असतं, मी वळून चार शब्द ऐकवले असते. उलट सगळ्यात पुढच्या गाडीतल्या माणसाने काचेआडून हसून, हात हलवून 'सावकाश जा' अशी खूण केली. त्याचं ते हसणं मला ढेकूळ लागावं तसं लागलं. पलीकडे गेल्यावर मी पायरीवर टेकले आणि तो दिवा पुन्हा हिरवा, पुन्हा लाल होताना बघत राहिले. मला वाटत होतं, यांनी त्याची वेळ कमी केली असणार, हल्ली सगळंच कमी करतात. पण एक बाई कडेवर मूल घेऊन, दुसऱ्याला दटावत, मध्येच थांबून पडलेली चप्पल उचलून वेळेत पार झाली. वेळ तेवढीच होती. बापू माझ्याशेजारी बसून आपल्या बुटाकडे बघत होता. "ताई, नाडी," तो म्हणाला. नाडी सुटलेली नव्हती. पण रोज इथे ती बांधायची असते, म्हणून मी सोडून पुन्हा बांधली.

बापू माझा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. जन्मला तेव्हा चेहरा इतका गंभीर की वडिलांनीच त्याला बापू म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे चेष्टेचं नाव अंगालाच चिकटलं. वय वाढलं, केस पिकले, दाढी करावी लागू लागली, पण आत चार-पाच वर्षांचं जे पोर बसलं होतं ते काही जागचं उठलं नाही. आई होती तोवर तो आईचा होता. आई गेल्यावर कुणी काही ठरवलं नाही, कुणी कुणाला विचारलंही नाही. स्मशानातून घरी आलो तेव्हा त्याने माझा डावा हात धरलेला होता, तो मी सोडला नाही, एवढंच. लग्नाचं एक-दोघांनी विचारलं होतं. ते हाताकडे बघून गेले.

त्या संध्याकाळी धाकटी आली. धाकटी म्हणजे आमची सर्वांत लहान बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त आहे, पण घरात शिरताना अजून वर्गात शिरल्यासारखी शिरते. तिला रस्त्यातलं काही मी सांगणार नव्हते. बापूने सांगितलं. "सगळ्या गाड्या थांबल्या. ताईसाठी," तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. धाकटीने चहाचा कप खाली ठेवला. शहराबाहेर एक संस्था होती, बापूसारख्यांना सांभाळणारी. तिथे खाट रिकामी झाली की कळवा असं तिने केव्हाच सांगून ठेवलेलं होतं आणि ती खाट आता रिकामी झाली होती. "तुझे पाय तुला आवरत नाहीत, त्याला काय आवरणार?" ती म्हणाली. मी म्हटलं, माझ्या पायांना काय धाड भरली आहे? चार मजले दिवसातून दोनदा चढते. ती म्हणाली, "चढतेस गं. पण किती वेळात?" हा 'किती वेळात' मला सहन झाला नाही. औषधांच्या दुकानाच्या काचेवर एक जाहिरात होती, डोंगरवाटेच्या शर्यतीची, कोणत्याही वयाच्या माणसाला घेतो म्हणणारी. पायरीवर बसले असताना ती डोक्यामागे होती. मी म्हटलं, "ती शर्यत मी वेळेत पुरी केली, तर त्या संस्थेचं नाव या घरात काढायचं नाही."

"आणि नाही केलीस तर?"

"तर त्याची बॅग मी स्वतः भरीन."

"पैज?" धाकटी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचाच चेहरा उतरला.

कारण आमच्या घरात पैज हा पोरखेळ नव्हता. वडिलांना भांडणाचा कंटाळा, आवाज चढला की ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणत, "पैज लावा आणि गप्प बसा." दिवा कोणी मालवायचा, खिडकीजवळची जागा कोणाची, इथपासून ते मी नोकरी करावी की नाही इथपर्यंत आमचे सगळे वाद पैजेवर मिटलेले. एकाच दमात साठ संवत्सरांची नावं न अडखळता म्हणून दाखवली आणि मी टेलिफोन खात्यात लागले. लावलेली पैज मोडली, असं त्या घरात कधी घडलं नाही. आई म्हणायची, या घराला देव नाही, पैज आहे. आता वडील नाहीत, आई नाही, खिडकीजवळची जागाही दुसऱ्या कुणाच्या घरात गेली, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या एका मतिमंद माणसाचं उरलेलं आयुष्य पैजेवर लावून चहाच्या कपांकडे बघत बसलो होतो. दोघींपैकी एकीने 'जाऊ दे गं' म्हणायला हवं होतं. ती म्हणेल म्हणून मी थांबले. तीही बहुधा त्याचसाठी थांबली होती.

हे लिहिते आहे तेव्हा बापू संस्थेत आहे. त्यामुळे शर्यतीचं काय झालं यात गुपित काही राहिलेलं नाही.

सराव मी बापूबरोबरच केला. त्याला घरी एकटं कुठे ठेवणार? गावाच्या टोकाला एक टेकडी होती, वर पाण्याची टाकी, खाली बाग. तिथे रोज पहाटे आम्ही दोघं. तो डाव्या हाताला, मी उजवीकडे. चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. पहिल्या आठवड्यात छातीत कुणी खुर्ची सरकवतंय असं वाटे. मग हळूहळू श्वासाला जागा झाली. बागेचा रखवालदार आम्हाला बघून खुर्चीतून न उठता म्हणायचा, "काय आजी, कप कुठे ठेवणार?" मी म्हणायचे, "तुझ्या टेबलावर, चहा प्यायला." बापू त्याच्यासाठी रोज टाळ्या वाजवायचा, आमच्यासाठी वाजवाव्यात हे त्याला सुचायचं नाही. उतरताना तो दगड दाखवायचा, "ताई, दगड," आणि हात घट्ट धरायचा. मला वाटे, घाबरतोय बिचारा. मी त्याला म्हणायचे, "भिऊ नकोस, मी आहे ना." असं मी त्याला तीस-पस्तीस वर्षं म्हणत आले होते. हळूहळू आमचा वेळ चांगलाच कमी झाला. मला झोप लागू लागली. रस्त्यावरचा तो लाल माणूसही आता मी पलीकडे पोचेपर्यंत थांबू लागला. या वयात काही सुधारू शकतं याचा आनंद फार वाईट असतो. माणूस त्याच्या नादात हिशेब विसरतो.

शर्यतीच्या सकाळी धाकटी बापूला घेऊन शेवटच्या, हवा भरलेल्या कमानीपाशी थांबणार होती. निघताना तिने माझ्या छातीवरचा नंबराचा कागद सरळ केला, चारही टाचण्या पुन्हा लावल्या. शाळेत पोरींच्या रिबिनी सारख्या करताना करायची तसंच तोंड करून म्हणाली, "पाणी पीत जा. आणि हे बघ ताई..." बापूला मी समजावलं, "इथेच थांबायचं. लोक त्या वाटेने धावत येतील. मीही येईन." "तिकडून?" त्याने बोट दाखवलं. "तिकडून." "मग मी टाळ्या वाजवणार," तो म्हणाला. त्याचा हात मी धाकटीच्या हातात दिला. हाताला एकदम गार लागलं, आंघोळीनंतर लागतं तसं.

पहिल्या वळणावरच सगळे पुढे गेले. रंगीत बुटांचा एक मोठा घोळका खडखडत वर चढला आणि झाडीत दिसेनासा झाला, आणि मग मागे जे उरलं ते इतकं शांत होतं की मला टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. पहाटेच्या पाळीला बोर्डासमोर बसलं की असंच व्हायचं. कानाला यंत्र, समोर भोकांच्या रांगा, दोऱ्या लोंबत असलेल्या, आणि दोन गावांच्या मधली ती पोकळी कानात भरून राहायची. मग कुणीतरी कुणालातरी मागायचं, मी दोरी खुपसायची. तेव्हा बाहेरगावचं बोलणं मिनिटांवर मिळायचं. मिनिटं संपली की मध्ये शिरून 'वेळ झाली' असं सांगणं हे माझं काम. लोक सगळा वेळ हवापाणी, तब्येत, पाहुणे कधी निघाले, यात घालवायचे आणि मी 'वेळ झाली' म्हटलं की पलीकडून एकदम श्वास ऐकू यायचा आणि मग खरं ते बाहेर पडायचं. "नोकरी गेली माझी." "तू ये." "बाबा कालच गेले." तेवढ्यात दोरी काढायची. सबंध आयुष्य मी लोकांची खरी वाक्यं अर्धवट ऐकली, आणि घरी येऊन बापूच्या पोळीचे तुकडे केले. चढावर मला हे सगळं आठवत होतं आणि पाय आपोआप चालत होते. चढ चांगला गेला. खरोखर चांगला गेला, माथ्यावरच्या पाण्याच्या टेबलाशी पोचले तेव्हा तिथल्या माणसाने घड्याळ बघून "अहो, तुम्ही वेळेच्या आत आहात!" असं म्हटलं, आणि त्या 'अहो'तलं आश्चर्य मी प्रशस्तिपत्रकासारखं घेतलं. वरून खालचं सगळं शहर दिसत होतं. पेटीत गच्च भरून वर झाकण न बसवल्यासारखं. त्यात कुठेतरी एक कमान, आणि कमानीशी बापू. मी पैज जिंकले आहे असं मला त्या क्षणी वाटलं. पुन्हा कशाबद्दलच तसं वाटलेलं नाही.

मग उतार आला. वाट बारीक होती, वर सुटे खडे, आणि दोन्ही बाजूंना हाताला लागेल असं काही नाही. मी पाय पुढे टाकला आणि तो टेकेना. म्हणजे दुखत नव्हता, थकलाही नव्हता. पाऊल हवेत होतं आणि खाली यायला तयार नव्हतं. मी मागे घेतलं, दुसरा पाय पुढे केला. तेच. अंग डावीकडे झुकत होतं, जिथे कुणी नव्हतं तिथे. डावा हात अंगापासून थोडा दूर, बोटं अर्धी मिटलेली, वाट बघत असल्यासारखा. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर मी तिथेच खड्यांवर खाली बसले. एवढी वर्षं रस्त्यांवर, जिन्यांवर, टेकडीवर मी बापूला धरून उतरवत होते असं समजत होते. तो दगड दाखवायचा, हात घट्ट करायचा, आधी स्वतः एक पाऊल खाली जाऊन उभा राहायचा. मी त्याला 'भिऊ नकोस' म्हणायचे आणि सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकून उतरायचे. त्याच्याशिवाय उतरण्याचा सराव मी एक दिवससुद्धा केलेला नव्हता. कधी केलाच नव्हता, आई गेल्यापासून.

बसून बसून उतरायला लागले. हातांनी मागे रेटायचं, बूड सरकवायचं, पाय खाली टेकवायचे. खडे तळहातात रुतत होते. मागून एक आवाज येऊ लागला होता, चट्, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा चट्. वाट कळावी म्हणून झाडांना नारिंगी फिती बांधलेल्या होत्या आणि सगळ्यांच्या मागून एक मुलगी त्या सोडवत येत होती. शेवटच्या माणसाच्या मागे चालायचं आणि वाट गोळा करत यायचं, हे तिचं काम. गळ्यात फितींचा भारा झाला होता. एरवी ती दातांची डॉक्टर होती, हे तिनेच सांगितलं, मला बोलतं ठेवायला.

"काकू, घाई करू नका. मी आहे मागे."

"तू मागे आहेस म्हणून तर घाई आहे."

"माझ्या खुर्चीत बसणारे असंच बोलतात," ती हसली. "आ करा म्हटलं की तोंड मिटून घेतात." मग तिने घड्याळाकडे बघितलं, पण मला दिसणार नाही असं, मनगट वळवून. एक्स्चेंजमध्ये आम्हीही तसंच बघायचो. "हात देऊ का?"

"चालतं का? शर्यतीत?"

"कुठे लिहिलंय चालत नाही म्हणून?"

तिने डाव्या बाजूला येऊन हात पुढे केला. मी धरला, आणि उठले, आणि उतरू लागले. किती सहज! पाऊल टेकत होतं, खडे बाजूला होत होते, गुडघे तक्रार करत नव्हते. मला रडूच आलं. तिला वाटलं दुखतंय. "कुठे दुखतंय, काकू?" दातांच्या डॉक्टरला हे कुठून सांगायचं? मी म्हटलं, "कुठे नाही गं. म्हणजे हात कुणाचाही चालला असता." तिला ते समजलं नाही, समजायचं कारणही नव्हतं. पण मी ऐकलं. हात कुणाचाही चालत होता. तो बापूचाच हवा असं माझ्या पायांना काही नव्हतं. आणि त्याच्या हातालासुद्धा धरायला माझाच हात हवा असं काही असेल की नाही, हे मी कधी विचारायला गेले नव्हते.

पायथ्याशी शेवटची चौकी होती. दोन पोरं टेबलाची घडी करत होती. एकाने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि तिने मान हलवली. तो फार सभ्यपणे म्हणाला, "आजी, वेळ झाली." माझ्याच आवाजात म्हणाल्यासारखं. समोरून असं कसं ऐकू येतं ते मला पहिल्यांदाच कळलं. मीही एक श्वास घेतला. काही खरं बोलायला यावं म्हणून थांबले. काही आलं नाही. त्याने माझ्या छातीवरच्या कागदाचा खालचा तुकडा फाडून घेतला, जीपचं दार उघडलं, आणि ती मुलगी पुढच्या झाडाची फीत सोडायला वाटेने निघून गेली.

जीप डांबरी रस्त्याने, लांबच्या वळशाने आली. मैदानावर माणसं पांगली होती. खुर्च्या एकात एक घातलेल्या. कमानीतली हवा अजून काढली नव्हती, पण तिच्या दोऱ्या एकजण सोडत होता. धाकटीने मला उतरताना बघितलं आणि ती जवळ आली. मला वाटलं होतं, तिचा चेहरा निदान सुटकेचा असेल. मी त्यासाठी मन घट्टही केलं होतं. तिचे डोळे सुजलेले होते. "जीप दिसली तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "मला वाटत होतं गं, तू पुरी करशील. देवाशपथ, मला तेच हवं होतं."

"मग मोड की पैज."

तिने माझ्या पाठीवरची माती झटकली. मग हळूच म्हणाली, "तू उतरताना पडली असतीस आणि तो शेजारी असता, तर?" याला उत्तर होतं. तो शेजारी असता तर मी पडलेच नसते. पण हे तिला सांगायचं म्हणजे मी त्याला कशासाठी ठेवून घेत होते तेही सांगणं आलं. मी म्हटलं, "बॅग मी भरीन. त्याला निळा स्वेटर टोचतो, तो नको द्यायला." ती बरं म्हणाली. एवढंच आमचं बोलणं झालं. त्यानंतरही त्या विषयावर आम्ही बोललेलो नाही.

"तो जेवलासुद्धा नाही नीट," थोड्या वेळाने ती म्हणाली. "सकाळपासून उभा आहे. आला माणूस की टाळ्या. एकही सोडला नाही. हात बघ त्याचे." बापू बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी उभा होता, आमच्याकडे पाठ करून. मी जवळ जाऊन त्याच्या बाजूला उभी राहिले. त्याचे तळवे लाल, सुजून चकाकत होते. इतका खूष मी त्याला कधी पाहिला नव्हता. वाढदिवसालाही नाही, घरी कधीच नाही. दिवसभरात त्याने मला शोधलं नव्हतं. तो वाट बघत होता, पण वाट बघण्यात त्याला काही कमी पडत नव्हतं.

"बापू," मी म्हटलं. "आले मी."

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखीचं हसला. मग माझ्या मागच्या जीपकडे बघितलं, आणि पुन्हा वाटेकडे तोंड फिरवलं.

"गाडीतून नाही," तो म्हणाला. "तिकडून."

"अरे, तिकडून नाही जमलं मला."

"येईल," त्याने मलाच समजावलं. "थांब. ताई यायचीय."

तेवढ्यात झाडीतून ती दातांची डॉक्टर बाहेर पडली, गळ्याभोवती नारिंगी फितींचं मोठं वेटोळं घेऊन, शेवटचा टप्पा असल्यामुळे धावत. बापूने जोरात टाळ्या वाजवल्या. ती दचकली, हसली, आणि दोन्ही हात वर करून कमानीखालून गेली. मागे हवा सोडल्याचा आवाज झाला आणि कमान एका बाजूने हळूहळू खाली बसू लागली.

"झालं, बापू," धाकटी म्हणाली. "ही शेवटची. आता कुणी नाही यायचं."

"ताई राहिली," बापू म्हणाला, आणि दोरीला पोट टेकवून, पावलं जुळवून नीट उभा राहिला. वाटेवर ऊन होतं. कुठल्याच झाडाला आता फीत नव्हती. त्याच्या शेजारी, झाडीतून कोण येतंय ते बघत, मीही उभी राहिले.